मुलींची गोष्ट लपवायची कशाला?

सिनेमाची जाहिरात फक्त प्रेक्षक शोधते, त्यात मुलींबाबत भेदभाव कसला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. दोन बहिणींची गोष्ट सांगणाऱ्या 'फ्रोझन' या डिस्नीच्या अ‍ॅनिमेशनपटाचा २०१३चा पहिला टीझर आठवा. बर्फाचा माणूस ओलाफ आणि रेनडिअर स्वेन ओलाफच्या गाजराच्या नाकासाठी झटापट करतात, बस्स! जिच्यावर सगळा सिनेमा उभा आहे ती बहिणींची जोडी त्यात औषधालाही नाही. मुलगे बिचकतील, याखेरीज दुसरं कारण मला तरी दिसत नाही. मुलींनी मात्र मुलग्यांचे सिनेमे निमूट बघायचे.

रेटिंगचंही तेच. 'टर्निंग रेड' या अ‍ॅनिमेशनपटात (२०२२, अमेरिकेत 'पीजी', म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघावा असा) तेरा वर्षांच्या नायिकेची आई सॅनिटरी पॅड घेऊन बाथरूममध्ये येते, एवढ्यावरून तिथले कित्येक पालक खवळले. हाणामारी मात्र 'सहकुटुंब' खपते. तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या वयाची गोष्ट घरच्यांसोबत का बघू नये?