मिठाच्या ५ ग्रॅमवर शास्त्रज्ञांचं खरंच एकमत आहे का?

घाटमाथा:
आईला बीपी निघालं आणि डॉक्टर म्हणाले दिवसाला एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, त्याच्या वर नाही. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या सूचनांतही हेच आहे. मी आठवडाभर काट्यावर मोजलं, तर आम्हा दोघींच्या आमटी-भाजी-कणकेतच रोज १४ ग्रॅम जातंय, लोणचं-पापड वेगळं. आता निम्मं केलंय तर आई दोन घास खाऊन ताट सारते. आणि मग वाचायला मिळतं की २०१४ साली प्योर नावाच्या अभ्यासात लाखाहून जास्त लोक तपासले, त्यात मृत्यूचा आणि हृदयविकाराचा सगळ्यात कमी धोका दिसला तो रोज साधारण साडेसात ते १५ ग्रॅम मीठ खाणाऱ्यांना, त्याहून कमी खाणाऱ्यांत उलट जास्त. मग हा ५ चा आकडा इतक्या ठामपणे सांगतातच कसा? मतभेद आहेत हे पेशंटला सांगायला नको का?

कॅनवाला:
मी लॅबमध्ये काम करतो म्हणून सांगतो, प्योरमध्ये सकाळची एकच लघवी घेतली आणि त्यावरून सूत्रानं दिवसभराचं मीठ काढलं. खरं मोजायचं तर पेशंटला मोठा कॅन द्यावा लागतो, सकाळची पहिली टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी त्यात, एक वेळ जरी विसरला तरी हिशोब गेला. २०२२ मध्ये सहा अभ्यास एकत्र केले, १० हजारांवर लोक, प्रत्येकाचे असे निदान दोन कॅन, आणि तिथे मीठ वाढलं तसा हृदयाचा धोका वाढलेला दिसला, कमी खाणाऱ्यांत धोका वर गेलेला दिसला नाही. शिवाय आजारी माणूस मुळातच कमी जेवतो, म्हणजे मीठही कमी, मग दोष मिठाच्या कमतरतेवर का टाकायचा?

घाटमाथा:
कॅनचं पटलं. पण धोका दिसला आणि मीठ कमी केल्यावर माणूस वाचला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना. तेलाचं काय झालं बघा. आमच्याकडे वर्षानुवर्षं करडईचं तेल हृदयाला चांगलं म्हणून आणलं, कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून. आणि सिडनीत १९६६ ते ७३ मध्ये हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला होता, त्याची जुनी आकडेवारी २०१३ साली पुन्हा तपासली तर करडई तेलाच्या गटात कोलेस्टेरॉल उतरलं होतं पण मृत्यू जास्त होते, १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८. बीपी उतरलं म्हणजे सगळं मिळालं असं मी कसं मानू?

सुगरण_नाशिक:
ताई, तेलाच्या चुकीची शिक्षा मिठाला देऊ नका. मिठावर प्रयोग झालाय. चीनच्या ६०० खेड्यांत जवळजवळ २१ हजार लोक, बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला. निम्म्या खेड्यांना पाऊण भाग नेहमीचं मीठ नि पाव भाग पोटॅशियमचं मीठ दिलं, पाचेक वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी, मृत्यूही कमी. हे तर प्रत्यक्ष माणसं वाचल्याचं आहे. माझे सासरे पक्षाघातानं आठ महिने अंथरुणावर होते, त्यांचं सगळं मीच केलं, त्यामुळे मतभेद आहेत म्हणून थांबा असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

घाटमाथा:
तुमचा राग समजतो. पण त्यात नेहमीच्या मिठातलं सोडियम कमी झालं त्याचा गुण की पोटॅशियम वाढलं त्याचा, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. मी मीठ खाच म्हणत नाहीये. बीपी असलेल्यानं कमी करावं हे मान्यच आहे, माझं म्हणणं नेमक्या ५ बद्दल आहे, माणशी सातवरून सहावर आलं आणि आई नीट जेवली तर ते अपयश का समजायचं?

कॅनवाला:
नाहीच समजायचं. २००१ च्या एका अमेरिकी प्रयोगात मिठाच्या तीन पातळ्या ठेवल्या होत्या, प्रत्येक पायरी उतरताना बीपी खाली आलं, म्हणजे सहाचाही फायदा आहेच. पण सरकारनं आकडा द्यायलाच हवा, थोडं कमी करा म्हटलं की पापडाच्या पाकिटावरचं मीठ कुणी कमी करणार नाही. आणि पोटॅशियमचं मीठ आणायचं मनात असेल तर आधी आईंचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या, किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम चढतं.

सुगरण_नाशिक:
आणि आमटीत आमसूल, लसूण वाढवा, मीठ दर आठवड्याला चिमूटभर उतरवा. एकदम निम्मं केलं तर कुणीही ताट सारेल.