मतदाराला नक्की काय झालं आहे: भ्रमनिरास, उदासीनता की वीट?

मूळ प्रश्न

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान होतं आणि मी मावशीला घेऊन आमच्या कृष्णाकाठच्या गावी शाळेत गेलो होतो. बोटाला शाई लावून ती बाहेर आली, कट्ट्यावर टेकली आणि म्हणाली, "मन इटलं बघ आता."

तिचे यजमान, आमचे काका, पस्तीस वर्षं एकाच पक्षाचे कार्यकर्ते. भिंती रंगवायच्या, सभेला माणसं न्यायची, सभा संपली की सतरंज्या गोळा करायच्या. कधी कशाला उभे राहिले नाहीत. पक्ष फुटायच्या आधीच ते गेले. निवडणुकीच्या आठवड्यात त्या पक्षाच्या दोन्ही तुकड्यांची माणसं वेगवेगळ्या दिवशी घरी आली, फोटोला हार घातला, आणि दोघंही म्हणाले, "काका आपलेच होते." मावशीने दोघांना चहा दिला. काकांचं प्रचारातलं उपरणं पेटीत आहे. त्याचा रंगही विटलाय, हे तिनेच मला दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात शहरांतल्या कमी मतदानावर लेख होते. 'उदासीनता' हा शब्द सगळीकडे, एका ठिकाणी 'भ्रमनिरास'. मावशीला जे झालंय ते या दोन्हींत बसत नाही असं मला फार तीव्रतेने वाटतं. 'वीट येणे', 'विटणे', 'उबग' यांच्या छटा जाणकारांनी सांगाव्यात. तुमच्या भागात लोक काय म्हणतात तेही हवं आहे.

पुण्याहून, मुद्रितशोधनाचं काम करणारी एक सदस्य

आधी लेखन. 'भ्रमनिरास' यात शेवटी 'स' आहे. हातात येणाऱ्या दहा लेखांपैकी निम्म्यांत तरी मी 'भ्रमनिराश' किंवा 'भ्रमनिराशा' दुरुस्त करते. 'निरास' म्हणजे दूर करणं, घालवणं. 'शंकानिरसन' मधलं निरसन तेच. त्याचा 'निराश'शी संबंध नाही, कारण ते निर् अधिक आशा.

ही चूक नुसती शुद्धलेखनाची नाही. भ्रमाचा निरास होणं ही मुळात चांगली गोष्ट आहे. डोळ्यांवरचं झापड गेलं, खरं दिसू लागलं, असा त्याचा अर्थ. आपण मात्र तो शब्द हिरमुसल्या चेहऱ्याने वापरतो, आणि मग हात आपोआप 'निराश' लिहून जातो. भ्रम असल्याशिवाय त्याचा निरास होत नाही, हेही लक्षात घ्या. २०११ साली अण्णा हजारे यांच्या आंदोलनात कॉलेज सोडून बसलेली मुलं पुढे गप्प झाली, त्यांच्याबद्दल भ्रमनिरास म्हणता येईल. तुमच्या मावशींना कसला भ्रम होता? त्यांनी पस्तीस वर्षं कार्यकर्त्याचा संसार केला. पक्ष म्हणजे काय चीज आहे हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असणार.

'अपेक्षाभंग' चालेल, पण तो शब्द फार मिळमिळीत आहे. बढती हुकली तरी अपेक्षाभंगच होतो.

निवृत्त संस्कृत शिक्षक

'उदासीनता' या शब्दावर वर्तमानपत्रं अन्याय करतात, आणि त्या शब्दाच्या आडून मतदारावरही. उद् अधिक आसीन: जो वर, बाजूला बसला आहे. 'उदास' या रोजच्या शब्दाची सावली त्यावर पडली आणि आळशी, बेफिकीर माणूस असा अर्थ रूढ झाला. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचं वर्णन आहे, "अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः". शेजारचे शब्द पाहा. अनपेक्ष, म्हणजे काही मागणं न उरलेला. गतव्यथ, म्हणजे ज्याची व्यथा गेली आहे. कौटिल्याच्या राजमंडलात, म्हणजे आजूबाजूच्या राजांच्या मांडणीत, तर उदासीन राजा हा इतरांहून बलवान असतो. तो कोणाच्या बाजूने उतरला की पारडं फिरतं.

आपल्या मतदाराची व्यथा गेलेली नाही आणि अपेक्षाही संपलेली नाही. ज्याला अजून दुखतंय त्याला उदासीन म्हणणं हे भाषेच्या दृष्टीने चूक आहे आणि माणूस म्हणून कठोर आहे.

लातूरहून

'नोटा' (मतदान यंत्रावरचं 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण) या शब्दाबद्दल थोडं लिहितो, कारण लोक वैतागलेत हे सांगायला पत्रकार नेहमी तोच आकडा पुढे करतात. मराठीत या शब्दाची पंचाईतच आहे. 'नोटा' म्हटलं की आमच्याकडे पहिल्यांदा पैसे आठवतात. "नोटाला मत दे" हे वाक्य म्हाताऱ्या माणसाला एकदा समजावून सांगून बघा.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये निकाल दिला आणि हे बटण आलं. त्याआधी नियम ४९-ओ होता. कोणालाच मत द्यायचं नाही हे केंद्रावरच्या अधिकाऱ्याला सांगायचं, तशी नोंद व्हायची, त्यावर सही किंवा अंगठा. गावात कोण करेल ते?

२०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा होतं, २७,५०० मतं. त्याच वेळी सांगली जिल्ह्यात पलूस-कडेगावला विश्वजीत कदम जिंकले आणि तिथेही दुसरं नोटाच, २०,६३१. बाहेरच्यांनी लिहिलं, मतदार पक्षांना विटला. पण दोन्ही जागा युतीत शिवसेनेला गेल्या होत्या आणि भाजपचे स्थानिक कार्यकर्ते खवळलेले होते. त्या आकड्यात वीट किती आणि आपल्याला जागा सुटली नाही याचा राग किती, हे बटण सांगत नाही. त्याला आमच्याकडचा शब्द 'नाराजी'. नाराज माणूस समजूत घातली की परत येतो. विटलेला येत नाही.

इंदूरहून

वरच्याला जोड. २०२४ च्या लोकसभेला आमच्या काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. मग काँग्रेसनेच नोटा दाबा म्हणून आवाहन केलं. नोटाला २,१८,६७४ मतं पडली. आमच्या घरात तीन मतं, तीन कारणं. आईला पक्षाचा राग. भावाला उमेदवाराचा. मला याचा राग की माझ्यासमोर निवड करायला काही ठेवलंच नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इंदुरी मराठी बोलणारे. आई म्हणाली, "आपल्याला गृहीत धरलं." तिघांसाठी मला हेच शब्द बरोबर वाटतात.

पणजीहून

आमच्याकडे कोकणीत 'वाज आयला' म्हणतात. मालवणातही 'वाज' चालतो. कंटाळा, त्रास, नकोसं होणं, सगळं त्यात येतं. पण मला वेगळा शब्द सांगायचा आहे: 'आण'.

२०१९ च्या जुलैत गोव्यात काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. दोन तृतीयांश झाले की कायद्याने ते पक्षांतर ठरत नाही, विलीनीकरण ठरतं. म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन आण घ्यायला लावली, निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही म्हणून. ११ निवडून आले. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला त्यांतले ८ गेले. पुन्हा दोन तृतीयांशाच्या वरच.

माझ्या सासूबाई पक्षाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "देवीसमोर घेतलेली आण होती ना ती?" त्या दिवसापासून घरात निवडणुकीचा विषय निघाला की त्या उठून आत जातात. हे वाजच्या पलीकडचं आहे. मराठीत याला 'मनातून उतरणे' म्हणतील, पण इथे माणूस उतरला असं नाही, शब्दच उतरला. शपथ या शब्दाची किंमत गेली.

नाशिकहून, जुना बातमीदार

आम्ही बातमीदारांनीही या वीटेला हातभार लावलाय, ते कबूल करतो. १९६७ साली हरियाणात गया लाल यांनी काही दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द जन्मला. त्यात दोन्ही हालचाली होत्या, येणं आणि जाणं. १९८५ च्या कायद्याने 'पक्षांतर' रूढ केलं, त्यातही दोन पक्ष गृहीत आहेत. आता आमच्या मथळ्यांत उरलाय तो 'जाहीर पक्षप्रवेश'. २०१९ ला तर 'मेगाभरती' लिहिलं, जणू नोकरभरतीच. माणूस कुठून निघाला, कोणाच्या मतांवर निवडून आला होता, हे त्या शब्दातून पुसलं गेलं. मी स्वतः असे किती मथळे दिले त्याची गणती नाही. आता लिहिताना 'अमुक पक्ष सोडून' हे तीन शब्द मी आग्रहाने घालतो.

ठाण्याहून

एक शंका. लोक इतके विटले असतील तर २०२४ ला राज्यातलं मतदान वाढलं कसं? २०१९ ला ६१ टक्क्यांच्या आसपास होतं, २०२४ ला ६६ च्या आसपास. कुलाब्यात ४५ टक्क्यांच्या खाली राहिलं ते खरं, पण कुलाबा म्हणजे महाराष्ट्र नव्हे.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ठाण्याच्या शंकेने मला रात्रभर जागवलं, म्हणून आधी तिच्याबद्दल.

विटणं आणि घरी बसणं या दोन गोष्टी मीही एकच धरत होतो. मावशी विटली होती, तरी उन्हात रांगेत उभी होती. आपल्याकडे 'दगडापेक्षा वीट मऊ' म्हणून मत देणारे घरोघरी आहेत. (ती वीट स्त्रीलिंगी, मनाला येणारा वीट पुल्लिंगी. 'वीट आली' म्हणजे बांधकामाचा माल आला, 'वीट आला' म्हणजे मन भरून आलं ते नकोसेपणाने. नाशिककरांच्या प्रतिसादात 'या विटाला' असं हवं होतं. एवढ्या मनापासून लिहिलेल्या मजकुरात चूक दाखवताना संकोच वाटतो, पण चर्चा शब्दाची आहे.) तेव्हा मतदानाचा टक्का वाढला म्हणून लोक समाधानी, आणि घटला म्हणून उदासीन, हे दोन्ही निष्कर्ष मला मान्य नाहीत.

'उबग' मी बाजूला ठेवला. उबग अतिपरिचयानेही येतो. पाहुणे पंधरा दिवस राहिले तरी उबग येतो, त्यात पाहुण्यांनी काही बिघडवलेलं असतंच असं नाही. 'विटणे' मध्ये आधी काहीतरी ताजं होतं, रंगाला रंग होता, चवीला चव होती, हे गृहीत आहे. आणि क्रिया मुळात वस्तूची आहे. आमटी विटते, कापड विटतं. मन विटतं ते त्यानंतर. 'मतदार उदासीन' म्हटलं की दोष मतदाराच्या माथी जातो. 'मतदार विटला' म्हटलं की ऐकणारा विचारतो, कशाला विटला? हा प्रश्न उठावा एवढ्यासाठी मी यापुढे हाच शब्द वापरणार आहे.

परवा मावशीला फोन केला आणि विचारलं, इटलं म्हणजे नासलं का गं? ती म्हणाली, "न्हाय. दूध नासतंय, ते वतायचंच. आमटी इटली तर वास घेऊन बघायचा, येक उकळी देऊन बघायची." मग जरा थांबून म्हणाली, "काकांचं उपरणं मी धुतलंय, वाळत घातलंय."

हा 'नासणे' आणि 'विटणे' मधला फरक आणखी कुठल्या भागात असाच करतात का?