तिसरीतला मुलगा हरला की मारतो, चावतो. उपाय हवा आहे, लवकर

खडूफळा | बुधवार, रात्री ९:४०
तिसरीचा वर्ग, पट २८. एक मुलगा आहे. खेळात बाद झाला, गणित चुकलं, दुसऱ्याला आधी पाणी मिळालं, कसलंही निमित्त पुरतं. समोरच्याला मारतो. परवा लंगडीत बाद झाला तर बाद करणाऱ्याच्या दंडाला असा चावला की दातांचे ठसे उठले. त्या मुलाचे वडील टेबलासमोर येऊन उभे, 'याला काढा नाहीतर आम्ही आमचं लेकरू काढतो.'
समजावून झालं, रागावून झालं, बाहेर बसवून झालं. सॉरी म्हणायला लावलं की म्हणतो, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. राग आवरायला मुलांना नक्की शिकवतात कसं? वर्गात करता येईल असं सांगा. 'प्रेमाने घ्या' कृपया नको, प्रेमानेच घेते आहे. शनिवारी पालकसभा आहे.

दोन_मुलांची_आई | रात्री ९:५८
ताई, माझा धाकटा असाच होता. चिडलेला असताना काही शिकवायला जाऊ नका, तेव्हा कानात काही शिरत नाही. शांत असताना शिकवा. आम्ही 'गरम चहा' करायचो: दोन्ही हातांची ओंजळ म्हणजे कप, आधी नाकाने वास घ्यायचा, मग हळूहळू फुंकर मारायची, चहा सांडता कामा नये. रोज झोपताना पाच वेळा. महिनाभराने तो चिडल्यावर आपणहून ओंजळ करायला लागला. घरच्यांना सांगून रोज करून घ्या.
मुलाचं वय किती? हे कधीपासून?

निवृत्त_मास्तर | रात्री १०:१५
३४ वर्षं प्राथमिकला काढली. असं मूल प्रत्येक वर्गात एक असतंच. त्याला मॉनिटर करा. वह्या गोळा करणं, घंटा वाजवणं, फळा पुसणं. जबाबदारी पडली की हात आपोआप आवरतो. माझा शंभर टक्के अनुभव आहे.

शहाणी_कासव | रात्री १०:२२
म्हणजे चावल्याबद्दल घंटा वाजवायचा मान? चावा सोसलेल्या मुलाने यातून काय शिकायचं?

निवृत्त_मास्तर | रात्री १०:३१
मान नाही, काम. पूर्वी एक छडी बसली की प्रश्न मिटायचा. आता तेही करता येत नाही.

शहाणी_कासव | रात्री १०:३६
येत नाही हेच बरं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी. आणि सर, मारू नकोस हे मारून कसं शिकवणार? माझ्या पाठीवर दुसरीतली पट्टी अजून आहे. तिने मी गप्प झाले, शांत नाही झाले.

गोडधोड_बंद | रात्री १०:५०
साखर बंद करा. चॉकलेट, बिस्किटं, मोबाईल, तिन्ही बंद. पंधरा दिवसांत फरक दिसेल.

खडूफळा | रात्री ११:०५
चॉकलेट कुठलं हो. आजीकडे बटणांचा फोन आहे, तोही चार्ज असला तर. वय आठ. 'घरी रोज करून घ्या' म्हणताय, पण घरी करून घेणार कोण? आजीला ऐकू कमी येतं. वर्गातलं सांगा.

मानसवाचक | गुरुवार, सकाळी ७:१०
मूळ प्रश्न संयमाचा आहे. मार्शमेलोचा प्रयोग बघा. १९७० च्या आसपास स्टॅनफर्डच्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये वॉल्टर मिशेल यांनी मुलांपुढे एक गोड वडी ठेवली: आत्ता खाल्लीस तर ही एकच, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. जी थांबली, ती पुढे अभ्यासातही सरस ठरली. म्हणून वर्गात थांबण्याचा सराव द्या. आज एक खडू, उद्यापर्यंत थांबलास तर दोन.

सातासमुद्रापार | सकाळी ७:४४
ही अर्धीच गोष्ट झाली. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो फरक बराच विरघळला. त्याहून महत्त्वाचा रॉचेस्टर विद्यापीठाचा प्रयोग, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. तिथे आधी काही मुलांना मोठ्या माणसाने 'चांगले रंग आणतो' असं सांगून खरंच आणले, काहींना सांगून आणलेच नाहीत. मग वडी ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं ती ३ मिनिटं. मुलं २८ च होती, प्रयोग लहान आहे. तरी शब्द मोडणाऱ्या माणसासाठी मूल थांबत नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

मानसवाचक | सकाळी ८:०२
२८ मुलांवरून निष्कर्ष काढायचा? मग माझ्याच प्रयोगावर आक्षेप का?

केजीवाली | सकाळी ८:२०
मध्येच विचारते, माझी मुलगी सीनियर केजीत आहे, तीपण चावते. पहिलीला प्रवेश घेताना शाळेला सांगावं का?

राजधानीकर | सकाळी ९:१२
दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ पासून नर्सरी ते आठवी रोज आनंदाचा तास सुरू केला होता. गुण नाहीत, परीक्षा नाही. थोडा वेळ डोळे मिटून बसणं, गोष्ट, तिच्यावर गप्पा. आपल्याकडेही असं काही हवं.

खडूफळा | सकाळी ९:२०
शाळा भरायची वेळ झाली आहे. दोन शिक्षकी शाळा, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र. मला शनिवारच्या आत काहीतरी हाती हवं आहे, आणि इथे दिल्ली आणि स्टॅनफर्ड चाललंय.

पाटी_पेन्सिल | सकाळी १०:०५
मॅडम, मीही जिल्हा परिषदेचीच. आजी म्हणालात, आई-वडील कुठे आहेत?

खडूफळा | दुपारी १:४०
ऊसतोडीला. दिवाळी झाली की टोळी गेली, आता मार्च-एप्रिललाच येतील. बीड जिल्हा.

दोन_मुलांची_आई | दुपारी १:५२
अहो ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला नको होतं का?

खडूफळा | दुपारी २:१०
काय लिहू त्यात? अर्ध्या वर्गाचं तेच आहे. दर साली कोयता उचलून जातात, लेकरं आजी-आज्याकडे. बाकीची लेकरं चावत नाहीत.

पाटी_पेन्सिल | दुपारी २:३०
बाकीची कोपऱ्यात गप्प बसत असतील, मॅडम. चावणारं दिसतं, गप्प बसणारं दिसत नाही. हंगामी वसतिगृह नाही का तुमच्याकडे?
एक करा. हा कधी कधी भिडला ते वार-वेळेसकट कागदावर मांडा. आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. तीन रकाने. उपाय त्यानंतर.

सातासमुद्रापार | दुपारी ३:०५
हेच विचारणार होतो. 'परवा' म्हणालात, म्हणजे सोमवार.

खडूफळा | रात्री ८:५५
वसतिगृह यंदा अजून सुरू नाही, कागद अडकलेत.
टाचण वहीत बघून मांडलं. दिवाळीनंतर नऊ वेळा. त्यातले सहा सोमवार, एक मंगळवार, दोन इतर. मला हे आजवर दिसलंच नव्हतं. आज मधल्या सुट्टीत, खिचडी वाढून झाल्यावर, त्याच्याशेजारी बसले. रविवारी काय करतोस विचारलं. म्हणाला, फोनची वाट बघतो. आई रविवारी फोन करते म्हणाली होती. कधी येतो, कधी येत नाही. फडात असतात, रेंज नसते, रिचार्ज नसतो. न आल्यावर कसं वाटतं, राग येतो का? तर मान हलवून म्हणाला, 'राग नाही मॅडम. करमंना.'
आम्ही त्याला दीड महिना 'राग आवर' म्हणतोय.

शहाणी_कासव | रात्री ९:१५
वाचून थांबले.

निवृत्त_मास्तर | रात्री ९:३०
माझ्याही वर्गात टोळ्यांची मुलं होती. त्यांना कधी रविवारचं विचारलं नाही.

पाटी_पेन्सिल | रात्री ९:४८
मॅडम, तो शब्द सोडू नका, पूर्ण वर्गाचा करा. मी सकाळी हजेरीच्या वेळी असं करते: 'हजर' न म्हणता मूल आज कसं आहे ते एका शब्दात सांगतं. सुरुवातीला सगळी 'छान, छान' म्हणतात. मग आपण शब्द पुरवायचे. रुसलो, हिरमुसलो, वैतागलो, खट्टू, धास्तावलो, करमंना. 'करमंना' म्हणणाऱ्याला त्या दिवशी खिडकीजवळ बसायची मुभा. आईला पत्र लिहायचं असेल तर कागद.
दुसरं, हरण्याचा सराव लंगडीत नको, तिथे जीव लागलेला असतो. 'चिमणी भुर्र' किंवा 'शिवाजी म्हणतो' घ्या. म्हैस भुर्र म्हटल्यावर हात खाली ठेवणं, हाच आवरण्याचा सराव. चुकणारा बाहेर जात नाही, पुढचा राजा होतो. दिवसाला पाच मिनिटं, सोमवारी दहा.

मानसवाचक | रात्री १०:०२
आणि दोन खडूंचा माझा सल्ला मागे घेतो. या मुलाला आणखी थांबायला लावणं बरोबर नाही.

सातासमुद्रापार | रात्री १०:१०
फक्त 'आई नक्की फोन करेल' असं त्याला कुणी म्हणू नका. जे तुमच्या हातात आहे तेवढंच कबूल करा, आणि ते चुकू देऊ नका.

दोन_मुलांची_आई | रात्री १०:१४
चावा घेतलेल्या मुलाकडेही बघा हं ताई. त्याचा यात काहीच दोष नाही.

खडूफळा | शनिवार, सायंकाळी ६:२०
सभा झाली. चावा बसलेल्या मुलाच्या वडिलांना एकटं भेटले. त्यांच्या लेकराला पुन्हा काही होऊ देणार नाही, सोमवारी मी स्वतः मैदानात उभी राहीन, असा शब्द दिला. दुसऱ्या मुलाच्या घरचं मी काही सांगितलं नाही, त्यांना गावात माहीतच होतं. ते स्वतः आठ वर्षं तोडीला जायचे. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, 'बघा महिनाभर.'
मुकादमाकडून टोळीचा नंबर मिळवला. सोमवारी प्रार्थनेआधी माझ्या फोनवरून लावणार आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही, लागला तरच देईन.
केजीवाली ताई, तुमचं राहून गेलं. वेगळा धागा काढा, तिथे येते. वय लिहा, आणि कोणत्या वारी चावते तेही लिहा.