मदत हवी आहे: सोलापूरहून 'शोले'च्या रामगढला, गुडघेदुखीवाल्या वडिलांना घेऊन

मंडळी, गड्डा यात्रा उरकली की फेब्रुवारीत अप्पांना रामनगरला न्यायचं चाललंय. बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरचं रामनगर, 'शोले'चं रामगढ जिथं उभं केलं होतं ते. अलीकडं कुणी जाऊन आलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

आधी अप्पांबद्दल, म्हणजे सल्ला देताना बरं पडेल. सत्तरी ओलांडलेली, सगळी हयात यंत्रमागावर गेली. या सिनेमाच्या नुसत्या संवादांच्या कॅसेटी निघाल्या होत्या, आठवत असेल. त्यातली एक आमच्या घरात झिजेपर्यंत वाजली. मी कारखान्यात डबा द्यायला जायचो तेव्हा बघायचो, मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण तुटलेला धागा जोडता जोडता अप्पा गब्बरचे संवाद म्हणायचे आणि पलीकडच्या मागावरचा गडी नुसत्या ओठांवरून ओळखून ठाकूरचं उत्तर द्यायचा. दोघांनाही आवाजाची गरजच नव्हती. आता गुडघे गेलेत. चढायला जमतं, उतरताना हाल होतात. हट्ट मात्र शाबूत आहे.

तिथं गाव उरलेलं नाही, हे मी त्यांना सांगून ठेवलंय. राम येडेकरांनी उभारलेला तो सेट होता, 1973 च्या ऑक्टोबरात शूटिंग सुरू झालं आणि काम संपल्यावर सगळं मोडलं. रेल्वेवरचा दरोडा तर तिथला नाहीच, तो आपल्याकडं पनवेलजवळ घेतलाय. अप्पा म्हणाले, "खडक तर कुणी उचलून नेले नाहीत की!" यावर काय बोलणार?

तर खडकांचंच विचारतो. रामदेवर बेट्टाचा डोंगर 2012 पासून गिधाडांचं अभयारण्य आहे, लांब चोचीची गिधाडं तिथल्या कड्यांवर घरटी करतात. त्यामुळं वाटेल तिथं चढू देत नसणार, आणि ते योग्यच आहे. गब्बरची नक्कल करत घरट्यांखाली बोंबलणाऱ्यांना आधी खाली उतरवलं पाहिजे. वर रामाचं देऊळ आहे, त्याच्या पायऱ्या शेकड्यांनी आहेत, म्हणजे तो बेत रद्दच समजा. पायऱ्या न चढता, खालूनच सिनेमातले खडक ओळखू येतील अशी जागा कुठली? रिक्षा कुठवर जाते? सकाळी किती वाजता आत सोडतात?

गाडीचं ठरत नाहीये. उद्यान एक्सप्रेस दुपारी सोलापुरातून पकडली की सकाळी बेंगळुरू. तिथून रामनगर साधारण 50 किलोमीटर, म्हैसूरकडं जाणाऱ्या मेमूनं. पण बेंगळुरूला जिने, फलाट बदलणं, गर्दी. दुसरी गोलगुंबझ एक्सप्रेस, ती विजयपूर-हुबळीवरून मोठा वळसा घालते, पण थेट म्हैसूरपर्यंत जाते. ती रामनगरला थांबते का, आणि थांबत असेल तर किती मिनिटं? अप्पांना डब्यातून उतरायलाच वेळ लागतो.

आणखी एक. रेशीमकोषांचा मोठा बाजार रामनगरलाच भरतो. जन्मभर सूत हाताळलेल्या माणसाला तो दाखवायचा आहे. खरं सांगायचं तर अप्पा डोंगरापेक्षा तिथंच जास्त रमतील असा माझा अंदाज आहे, पण त्यांना हे बोलून दाखवायची सोय नाही. बाहेरच्या माणसाला लिलाव चालू असताना आत जाऊन बघू देतात का?

जेवणाचं सांगू नका, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर असेलच. बिडदीची तट्टे इडली वाटेत खाणार, ते पक्कं आहे. भाषेचीही अडचण नाही, घरात कन्नडच बोलतो, फक्त आमचं सोलापुरी कन्नड ऐकून तिकडचे हसतील. मुक्काम मात्र सुचवा: रामनगरातच लिफ्टवालं किंवा तळमजल्यावर खोली मिळेल असं साधं लॉज आहे का, की बेंगळुरूतच राहावं?

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणून गाडीचं उत्तर आधी द्या, बाकीचं सावकाश चालेल.