सरधन्याचे बेगम समरूचे चर्च : यात्रेची परंपरा आणि शिंदेशाहीशी असलेला संबंध

लष्करवासी (ग्वाल्हेर)

नमस्कार. मेरठजवळच्या सरधना गावी नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी कॅथलिकांची मोठी यात्रा भरते, असे आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून कळले आणि यंदा त्यांच्याबरोबर जाण्याचा आमचा विचार चालला आहे. ते चर्च बेगम समरूने बांधले, एवढेच मला ठाऊक आहे. एका जहागीरदारणीने बांधलेल्या वास्तूला तीर्थाचे रूप कसे आले, लोक तेथे नेमके कोणापुढे हात जोडतात, आणि बेगमेचा आपल्या शिंद्यांशी काही संबंध होता काय, यांविषयी जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन. बरोबर माझ्या आई असतील. त्या रोज देवपूजा करणाऱ्या आहेत. त्यांना तेथे अवघडल्यासारखे होऊ नये, ही माझी खरी काळजी आहे.

जुने दफ्तर (ग्वाल्हेर)

लष्करवासी साहेब, शिंद्यांच्या संबंधापासूनच सुरुवात करतो, कारण तो वगळला तर बेगमेची कथा अर्धीच राहते.

बेगमेचे मूळ नाव फरजाना असे सांगतात. वॉल्टर राइनहार्ट हा युरोपीय भाडोत्री सरदार, ज्याला लोक समरू म्हणत, त्याच्याबरोबर ती राहिली आणि १७७८ साली आग्र्यास तो वारल्यावर त्याच्या पलटणी व सरधन्याची जहागीर तिच्याकडे आली. १७८१ साली तिने आग्र्यास बाप्तिस्मा घेऊन योहाना हे नाव धारण केले. पुढे गुलाम कादिर रोहिला दिल्लीवर चालून आला तेव्हा ती फौजेसह बादशहा शाह आलमच्या पाठीशी उभी राहिली. १७८८ साली त्याच गुलाम कादिरने बादशहाचे डोळे काढले, आणि त्याला पकडून देहदंड दिला तो महादजी शिंद्यांनी. त्या काळात दिल्लीचा सारा कारभार वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशहाचे सर्वाधिकारी प्रतिनिधी, या नात्याने महादजींच्या हाती होता. सरधन्याची जहागीर बेगमेकडे सुरक्षित राहिली ती त्यांच्या संमतीनेच. १७९५ साली तिच्याच पलटणी उलटल्या, तिचा फ्रेंच नवरा ल व्हासू याने आत्महत्या केली आणि ती कैदेत पडली, तेव्हाही जॉर्ज टॉमसच्या मध्यस्थीने आणि मराठ्यांच्या पाठबळानेच तिला गादी परत मिळाली. हा टॉमस पूर्वी तिचाच नोकर होता आणि नंतर मराठ्यांकडे गेला होता. त्या काळच्या हिंदुस्थानात अशी अदलाबदल रोजचीच होती.

निंबाळकर गोठ

वरील प्रतिसादात बेगमेचे कौतुक जरा अधिकच झाले आहे. १८०३ साली इंग्रजांविरुद्धच्या असईच्या लढाईत शिंद्यांची एवढी हानी झाली आणि तिच्या पलटणी मात्र न लढता परत गेल्या, असे आमच्या घरात पूर्वापार ऐकत आलो आहे. लागलीच तिने इंग्रजांशी जुळवून घेतले. याला निष्ठा म्हणायचे काय?

जुने दफ्तर (ग्वाल्हेर)

निंबाळकर साहेब, तिच्या पलटणी असईला दौलतराव शिंद्यांच्या बाजूने हजर होत्या, पण त्यांची नेमणूक सामानसुमानाच्या रक्षणावर होती. पराभव ठरल्यावर शिस्त न मोडता त्या मागे फिरल्या, आणि अशा रीतीने शाबूत निघालेल्या तुकड्या त्या दिवशी फारच थोड्या होत्या. नेमून दिलेली जागा सांभाळणाऱ्या शिपायास पळपुटा म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही. इंग्रजांशी तिने तह केला हे खरे. परंतु डिसेंबर १८०३ च्या सुर्जी अंजनगावच्या तहाने दौलतरावांनीच गंगा-यमुनेच्या दुआबावरचा हक्क सोडला आणि सरधना नेमके त्या दुआबात आहे. धनीच निघून गेल्यावर जहागीरदाराने काय करावे, हे त्या काळच्या मापाने मोजावे. निष्ठेचा हा वाद येथेच थांबवू, कारण मूळ प्रश्न चर्चचा आहे.

मुरारची लेक (हल्ली मुक्काम मेरठ)

लष्करवासी दादा, मी ग्वाल्हेरचीच असून येथे मेरठला राहते आणि सरधन्यास अनेकदा गेले आहे, म्हणून चर्चविषयी लिहिते.

सध्याची वास्तू १८२२ साली पूर्ण झाली. बेगमेच्या पदरी असलेल्या अँटोनिओ रेगेलिनी या इटालियन अधिकाऱ्याने ती उभारली आणि त्या काळी चार लाख रुपये खर्च आला असे सांगतात. रोमच्या सेंट पीटर्सचा आदर्श डोळ्यांसमोर होता, असेही म्हणतात. (आपला जयविलास महाल उभारणारे मायकेल फिलोस हेही शिंद्यांच्या पदरी आलेल्या इटालियन घराण्यातलेच.) समोर भल्या थोरल्या खांबांचा ओटा, वर घुमट आणि मागच्या बाजूला दोन उंच निमुळते मनोरे असे तिचे रूप आहे. वेदी पांढऱ्या संगमरवराची असून तिच्यावर रंगीत दगड कोरून बसवलेली फुले आहेत. आग्र्याला ताजमहालात आपण जे पाहतो तेच हे काम, फक्त येथे वर क्रूस आहे.

बेगम २७ जानेवारी १८३६ रोजी वारली आणि याच चर्चमध्ये तिचे दफन झाले. तिचा वारस डाइस सोम्ब्र याने रोमचा शिल्पकार आदामो तादोलिनी याच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले, ते सुमारे १८ फूट उंच आहे. सर्वांत वर बेगम बसलेली आहे आणि तिच्या हाती बादशाही फर्मानाची गुंडाळी आहे. खाली उभ्या असलेल्यांत तिचा दिवाण, घोडदळाचा सरदार आणि बिशपही आहेत. पगडी, दाढी, शाल आणि पाद्र्याचा झगा एकाच दगडी दरबारात दिसतात. माझ्या मते सरधन्यात सर्वांत सावकाश पाहण्यासारखे काही असेल तर ते हेच.

मात्र यात्रा बेगमेची नाही. तिच्या विनंतीवरून १८३४ साली पोपने सरधन्यास स्वतंत्र बिशप दिला होता, पण तिच्यामागे ती व्यवस्था टिकली नाही. आजचे तीर्थ खूप अलीकडचे आहे. १९५७ सालच्या नोव्हेंबरात मेरठच्या तत्कालीन बिशपांनी येथे कृपेच्या मातेची, म्हणजे मरियेची, प्रतिमा स्थापन केली आणि तेव्हापासून यात्रेस आरंभ झाला. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी या चर्चला लघु बॅसिलिकेचा, म्हणजे पोपकडून निवडक चर्चना मिळणाऱ्या विशेष दर्जाचा, मान दिला. बेगमेसाठी लोक प्रार्थना करतात, पण नवस बोलतात तो मातेला. येथील लोक तिला ‘कृपाओं की माता’ म्हणतात, आणि मेणबत्त्या लावणाऱ्यांमध्ये हिंदू व मुसलमान मोठ्या संख्येने असतात. उपासना हिंदीत होते, त्यामुळे काकूंना सारे कळेल.

बडोदेकर

लष्करवासींच्या मातोश्रींच्या काळजीविषयी एवढेच लिहितो, की महादजींनी बीडच्या मन्सूरशाह अवलियांना गुरू मानले आणि शिंदे घराणे आजही त्यांची भक्ती करते. ग्वाल्हेरच्या मराठी घरांना दुसऱ्या धर्माच्या ठिकाणी डोके टेकवणे नवे नाही.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

सर्वांचे आभार. आईंना हे सारे वाचून दाखवले. त्यांना फुले व मेणबत्त्या न्यायच्या आहेत. प्रसादाविषयी काय करावे, आणि जायचे कसे?

मुरारची लेक (हल्ली मुक्काम मेरठ)

फुले आणि मेणबत्त्या खुशाल न्याव्यात. उपासनेच्या वेळी पाद्री जो पवित्र प्रसाद देतात तो मात्र बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो. त्या वेळी काकूंनी आपल्या जागी शांत बसावे, कोणी काही म्हणत नाही. उत्कल एक्सप्रेस ग्वाल्हेरहून थेट मेरठला येते. तेथून सरधना वीसेक किलोमीटरवर आहे. यात्रेच्या दिवशी रस्ता गच्च भरतो, तेव्हा सकाळी लवकर निघावे, आणि स्मारक नीट पाहायचे असेल तर त्यासाठी आदल्या दिवशीच जाऊन यावे.