शब्दचर्चा : ‘देवाची आशा धर’ की ‘देवावर आशा ठेव’?

प्रश्न (म्हापसा)

गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्या, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना रोमी लिपीतील कोकणी प्रार्थनापुस्तके वाचता येत नाहीत. त्यांचे शिक्षण मराठीतून झालेले असते. त्यांच्यासाठी काही स्नेही मंडळींनी बायबलमधील धीर देणाऱ्या वचनांची छोटी मराठी पुस्तिका तयार केली असून तिचे मुद्रितशोधन माझ्याकडे आले आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे शब्द बदलताना हात आखडतो. ४२व्या स्तोत्रात कवी आपल्या खिन्न झालेल्या जिवाला ‘देवाची आशा धर’ असे सांगतो. हे कानाला खटकते, म्हणून संपादकांनी तेथे ‘देवावर आशा ठेव’ असा बदल सुचवला आहे. तो करावा का? शिवाय, आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला ‘आशा आहे’ हे शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्याची सवय झालेली असते आणि त्यांचा अर्थ बहुधा ‘फारशी नाही’ असाच तो घेतो; अशा वेळी ‘भरवसा’ किंवा ‘उमेद’ अधिक योग्य ठरेल का? आणखी एक अडचण म्हणजे प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील ‘आशा लाजवीत नाही’ हे वाक्य. ते मला नीट उलगडत नाही.

उत्तर (फोंडा)

पहिल्या शंकेपुरते सांगतो, कारण तिचे उत्तर व्याकरणातच आहे. ‘आशा’ या नामाआधी षष्ठी येते तेव्हा तिचे दोन अर्थ संभवतात. ‘आईची आशा’ म्हणजे आईने बाळगलेली आशा. ‘पावसाची आशा’, ‘बढतीची आशा’ म्हणजे जे मिळावेसे वाटते त्याची आशा. ‘देवाची आशा धर’ या वाक्यात आशा धरणारा जीव स्वतंत्रपणे आलेला असल्यामुळे येथे दुसराच अर्थ निघतो, म्हणजे जे मिळावे असे वाटते ते स्वतः देवच आहे. ‘देवावर आशा ठेव’ असे केले की देव हा आधार होतो आणि आशा नेमकी कशाची, हा प्रश्न मोकळा राहतो. मग आजार बरा होण्याची, कर्ज फिटण्याची, खटला जिंकण्याची अशी कोणतीही आशा तेथे बसू शकते.

आता स्तोत्र काय म्हणते ते पाहावे. ते पाण्यासाठी धापा टाकणाऱ्या हरिणीपासून सुरू होते, आणि कवीला तहान लागली आहे ती देवाची. आपण देवासमोर केव्हा हजर होऊ, असे तो विचारतो. तुझा देव कोठे आहे, असे लोक त्याला दिवसभर हिणवतात. शत्रूपासून सुटका व्हावी अशी मागणी नंतर येते, पण आधी त्याला हवा असतो तो देवाचा सहवास. ‘देवाची आशा धर’ हे पालुपद ४२व्या स्तोत्रात दोनदा आणि ४३व्यात एकदा येते (ही दोन स्तोत्रे मुळात एकच कविता असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात), आणि तिन्ही वेळा ते प्रश्नाला लागूनच येते, ‘तू का खिन्न झालास?’ या प्रश्नाला. खिन्नता गेली असे कोठेही म्हटलेले नाही. संपादकांची सुधारणा वाक्य गुळगुळीत करते, परंतु स्तोत्राचा विषयच बदलते. म्हणून माझे मत तिच्या विरुद्ध आहे.

क्रियापदाविषयीही लिहिले पाहिजे. ‘मी आशा करतो की’ हा हिंदीच्या वळणाचा प्रयोग हल्ली सूत्रसंचालकांमुळे फार बोकाळला आहे; मराठीत आशा धरतात, बाळगतात, नाहीतर ती नुसती ‘असते’. त्यांतही ‘धरणे’ वेगळे आहे. धीर धरणे, तग धरणे, दम धरणे, कास धरणे या सर्वांत पुढे काय होणार हे ठाऊक नसताना हातातले न सोडण्याचा भाव आहे. ‘ठेवणे’ मध्ये तो ताण नाही. ठेवलेली वस्तू ठेवून माणूस निघूनही जाऊ शकतो.

उत्तर (डिचोली)

वरील विवेचन मान्य करूनही एक आक्षेप नोंदवतो. गोव्यात काय किंवा सिंधुदुर्गात काय, मराठी वाचणाऱ्याचा कान कीर्तना-अभंगांवर पोसलेला असतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आणि त्या परंपरेत ‘आशा’ हा शब्द बहुधा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. आशा समूळ खणून काढावी, तेव्हाच गोसावी व्हावे, असे तुकोबा स्पष्ट सांगतात. आशा ही एक अजब साखळी आहे, तिने बांधलेले धावत सुटतात आणि तिच्यातून सुटलेले पांगळ्यासारखे जागच्या जागी राहतात, अशा अर्थाचे संस्कृत सुभाषित आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केले आहे. ‘आशाळभूत’, ‘वेडी आशा’, ‘आशेला लावणे’ हे रोजचे शब्दप्रयोगही त्याच बाजूचे आहेत. धीर देण्याच्या पुस्तिकेत हा शब्द पानोपानी आला, तर वाचकाला नकळत उलटे ऐकू येणार नाही का?

उत्तर (फोंडा)

आक्षेप वजनदार आहे, परंतु संतांचा रोख कशाच्या आशेवर आहे हे पाहिले पाहिजे. धन, मान, देह यांची आशा त्यांना तोडायची आहे. भेटीची आस मात्र तेच संत जिवापाड जपतात. अर्थात तेथे त्यांचा शब्द पुष्कळदा ‘आस’ असा असतो, हे मान्य करावे लागेल. तरीही जो फरक त्यांनी दोन शब्दांत विभागला, तो ‘देवाची आशा’ या षष्ठीने एकाच शब्दात साधतो, आणि पुस्तिकेतून ती षष्ठी काढून टाकली तर आपला आक्षेप खरोखरच लागू पडेल.

त्या सुभाषिताच्या शेजारी बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ४०व्या अध्यायाचा शेवट ठेवून पाहावा. परमेश्वराची आशा धरून राहणारे नवीन शक्ती संपादन करतील, ते गरुडांप्रमाणे उडतील, धावतील तरी दमणार नाहीत, चालतील तरी थकणार नाहीत, असे तेथे म्हटले आहे. येथेही आशेने बांधलेले धावतातच, मात्र ते दमत नाहीत. आणि क्रम उडणे, धावणे, चालणे असा उतरता आहे, हे मला नेहमी विशेष वाटते. उडण्याने शेवट करण्याचा मोह कोणत्याही कवीला झाला असता. यशया शेवटी नुसत्या चालण्यावर येतो, आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात येरझारा घालणाऱ्याला त्याचाच उपयोग अधिक.

उत्तर (मडगाव)

मी कोकणीतून प्रार्थना करणारा आणि मराठीतून वाचणारा कॅथलिक आहे, म्हणून ‘भरवसा’ या पर्यायाविषयी लिहितो. आमच्याकडे ज्या तीन ईश्वरी सद्गुणांची नावे लहानपणापासून तोंडी असतात, ती भावार्थ, भरवंसो आणि मोग अशी आहेत. म्हणजे कोकणीत आशेसाठी भरवंसो हाच रूढ शब्द आहे आणि श्रद्धेसाठी भावार्थ असल्यामुळे दोहोंत गल्लत होत नाही. मराठीत मात्र ‘भावार्थ’ म्हटले की वाचक कवितेचा सारांश लिहायला बसेल. तेथे श्रद्धेच्या जागी ‘विश्वास’ आहे, आणि विश्वास व भरवसा हे मराठीत जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जातात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात विश्वास, आशा आणि प्रीती ही तीन टिकणारी म्हणून सांगितली आहेत. त्यांत ‘आशा’च्या जागी ‘भरवसा’ घातल्यास तिनाची अडीच होतात. माझ्या कानाला ‘भरवसा’ कितीही जवळचा वाटला, तरी मराठी पुस्तिकेत ‘आशा’च राहावी. ‘उमेद’ चांगला शब्द आहे, परंतु ती माणसाच्या अंगची असते. थकलेल्या माणसाकडे नेमकी तीच उरलेली नसते.

प्रसंगाने एक आठवण द्यावीशी वाटते. मराठीत ख्रिस्ती आशय मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न याच भूमीत झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली सासष्टीतील राशोल येथे छापले गेले, आणि स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा लोकांच्या तोंडचा शब्द बेधडक घेतला. ज्या शब्दाला आधीच वेगळा गंध आहे तो टाळण्यापेक्षा वाक्यातून त्याला नवा विषय द्यावा, ही रीत सासष्टीत चारशे वर्षांची आहे, असे डिचोलीच्या मित्रांना नम्रपणे सांगावेसे वाटते.

‘आशा लाजवीत नाही’ या वाक्याविषयी. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ या ज्युबिली वर्षाची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षाची, घोषणा करणारे पत्र ९ मे २०२४ रोजी काढले, त्याचे लॅटिन शीर्षक हेच वाक्य होते, त्यामुळे आमच्या चर्चमधून ते गेल्या काळात पुष्कळ ऐकू आले. आजच्या मराठीत ‘लाजवणे’ म्हणजे सरस ठरून दुसऱ्याला फिके पाडणे, जसे ‘सोन्याला लाजवील असा रंग’. त्यामुळे वाचक अडखळतो. पौलाच्या मनात मात्र स्तोत्रांतील भाषा आहे. २५व्या स्तोत्रात देवाची वाट पाहणारे फजित होणार नाहीत, असे म्हटले आहे. ज्याच्यावर विसंबून चारचौघांत शब्द दिला तो आलाच नाही, म्हणजे जी शरम वाटते, ती येथे अभिप्रेत आहे. मराठीत त्यासाठी ‘तोंडघशी पाडणे’ असा नेमका प्रयोग आहे. ‘आशा तोंडघशी पाडत नाही’ असे मी छापणार नाही, कारण ते वचन आहे आणि त्याचा रूढ पाठ बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण खाली बारीक टाइपात अर्थ म्हणून अवश्य द्यावे.

उत्तर (वास्को)

मूळ भाषांविषयी थोडे लिहितो, कारण त्यावरून पुस्तिकेत कोणती वचने घ्यावीत हेही ठरेल. यशयाच्या त्या ओळीतील हिब्रू धातू ‘कावा’ असा असून त्याचा अर्थ वाट पाहणे असा आहे. त्याच्याशी जोडलेले नाम ‘तिक्वा’ म्हणजे आशा. यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाची स्त्री खिडकीला जो किरमिजी दोर बांधते, त्या दोरासाठीही ‘तिक्वा’ हाच शब्द आला आहे. ईयोबाच्या पुस्तकात संकटांनी पिचलेल्या ईयोबाने याच श्लेषाचा कडवट उपयोग केला आहे. माझे दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने जातात आणि तिक्वेविना संपतात, असे तो सातव्या अध्यायात म्हणतो. आशा संपली आणि धागाही संपला, असे दोन्ही त्यात ऐकू येते. हे मराठीत उतरत नाही आणि उतरवण्याचा खटाटोपही करू नये, परंतु ‘आशा धरणे’ या प्रयोगात हाताने धरण्याची क्रिया आहे, तिला या दोराने चांगला आधार मिळतो.

माझी खरी सूचना विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायाविषयी आहे. पुस्तिकेत त्यातील देवाची करुणा रोज सकाळी नवी होते एवढाच भाग घेतला असेल, असा माझा अंदाज आहे, कारण सगळेच तेवढा घेतात. इ. स. पूर्व सहाव्या शतकात बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केल्यानंतरचे हे शोकगीत आहे. त्याच्या ६६ ओळी हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर, प्रत्येक अक्षराला तीन अशा बांधलेल्या आहेत. भान हरपलेल्या दुःखालाही अक्षरओळीची शिस्त लावलेली आहे. त्यातील १८व्या ओळीत कवी म्हणतो की परमेश्वराकडून असलेली माझी आशा नष्ट झाली, आणि तीनच ओळींनंतर तोच, त्याच धातूचा शब्द वापरून, म्हणून मी आशा धरतो असे म्हणतो. मधल्या ओळींत परिस्थितीत काहीही बदलत नाही. कवी फक्त आपले दुःख आणि कडूपणा आठवतो. पुढे २९व्या ओळीत मातीत तोंड खुपसलेला माणूस ‘कदाचित आशा असेल’ इतकेच म्हणू शकतो. हा ‘कदाचित’ पवित्र शास्त्रात आहे, हे ज्याला ठामपणे विश्वास धरणे जमत नाही अशा माणसाला कळले पाहिजे. १८ ते २९ या ओळी सलग छापाव्यात.

याउलट यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायातील अकरावी ओळ, ज्यात देव भविष्य आणि आशा देण्याचे सांगतो, ती सुटी छापू नये, असे माझे ठाम मत आहे. ते बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व काही परत मिळेल असे सांगून टाळ्या मिळवतो. यिर्मया सत्तर वर्षे सांगतो, आणि तोवर घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेले आहे त्याचे हित पाहा, असे लिहितो. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक परत जाणार नव्हते. आधीच्या ओळींशिवाय ती अकरावी ओळ छापली की यिर्मयाच्या नावावर हनन्याचे बोलणे खपते.

पौलाचेही तसेच आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो की चहूकडून दडपण आले तरी आमचा कोंडमारा झाला नाही, आम्ही गोंधळात पडलो तरी निराश झालो नाही. तेथे निराश होण्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, तेच त्याने पहिल्या अध्यायात आसिया प्रांतातील संकटाविषयी स्वतःला लावले आहे : जगण्याचीही आशा आम्ही सोडली होती. दोन्ही वाक्ये समोरासमोर छापली, तर वेगळे भाष्य लिहिण्याची गरज पडणार नाही.

प्रश्नकर्ता (म्हापसा)

सर्वांचा आभारी आहे. ‘देवाची आशा धर’ कायम ठेवण्यास संपादकांनी संमती दिली आहे, आणि षष्ठीचा मुद्दा त्यांना इतका पटला की ते आता ४२वे स्तोत्र पूर्ण छापू पाहत आहेत. विलापगीताच्या ओळींना होकार मिळाला. यिर्मयावर वाद चालू आहे, कारण ती ओळ अनेकांना तोंडपाठ असून ती वगळल्यास लोक रागावतील असे त्यांना वाटते. मी पाचव्या ओळीपासून छापण्याचा आग्रह धरला आहे. एक शेवटची शंका उरते. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा ‘नांगर’ म्हटले आहे. दोडामार्ग-सावंतवाडीकडचा शेतकरी वाचक तेथे बैल आणि जमीन पाहील. ‘जहाजाचा नांगर’ असे करावे का?

उत्तर (हरमल)

आमच्या किनाऱ्यावर नांगर म्हटले की होडीच आठवते, पण आपली अडचण खरी आहे. तरीही ‘जहाजाचा’ हा शब्द वचनात घुसवू नये; तळटीप द्यावी. त्या वाक्यातच नांगर ‘स्थिर’ आणि ‘अढळ’ असल्याचे सांगितले आहे, आणि शेताचा नांगर स्थिर राहिला तर त्याचा उपयोगच नाही, हे शेतकऱ्याला चटकन कळेल. तळटिपीत मात्र पुढचा अर्धा भागही समजावून द्यावा, कारण तो नांगर पाण्याच्या तळाशी जात नाही, तर मंदिरातील पडद्याच्या आतील बाजूस, म्हणजे देवाच्या सान्निध्याच्या जागी पोचतो, जेथे येशू आपल्यापुढे गेला आहे, असे लेखक म्हणतो. नांगर नेमका कोठे रुतला आहे हे होडीत बसलेल्याला दिसत नाही, दोराला ताण आहे एवढेच हाताला कळते. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात जे दिसते त्याची आशा कोण धरील, असे विचारले आहे, ते वचन याच पानावर घेतल्यास तळटीप दोन ओळींत आटोपेल.