पातालपानीच्या दगडाला भोकं कुणी पाडली?

रामबागची आजी

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी नातीला घेऊन इंदूरजवळ, महूपाशी असलेल्या पातालपानीच्या धबधब्याला जाऊन आले. मी स्वतः तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा सातवीत होते. बाबा मिलमध्ये होते. सुटीच्या दिवशी आम्हा भावंडांना मीटरगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीनं न्यायचे आणि आई पुऱ्या नि लोणचं फडक्यात बांधून द्यायची. धबधबा पाहायचा, डबा खायचा, संध्याकाळी परत. आपण काय पाहतोय हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

नात पाचवीत आहे. कठड्याशी उभी राहून तिनं विचारलं, "आजी, नदी इथेच का पडते? सरळ वाहत का जात नाही?" मी गप्प. परतताना तिनं वाटेवरचा एक दगड उचलला. तो आत्ता माझ्यासमोर आहे. लिंबाएवढा, काळपट करडा, आणि अंगभर मसुराच्या दाण्याएवढी भोकं. काही रिकामी आहेत, काहींत पांढरं काहीतरी गच्च बसलंय. उन्हात धरलं की चमकतं. दोन भोकांना आतून शेवाळी अस्तर आहे.

किड्यांनी पोखरलाय असं तिचं म्हणणं. मला तिला थातुरमातुर सांगून गप्प करायचं नाही. कुणाला नीट माहीत असेल तर समजावून सांगाल का?

काळा पत्थर

ताई, आधी नातीला माझी शाबासकी द्या. मी भूवैज्ञानिक, आता निवृत्त. माळव्यात बोअरच्या जागा दाखवण्यात सगळी नोकरी गेली. त्यामुळे हा दगड माझ्या घरातलाच आहे म्हणा ना.

हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो बाहेर आला आणि पसरत गेला. एकदाच नाही, थरावर थर. आपला माळवा, खाली बराचसा महाराष्ट्र, सह्याद्री, हे त्याचंच. आज उरलेलं क्षेत्रही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर भरतं.

भोकं वायूची. तिला आंबोळी दाखवा. तव्याकडची बाजू घट्ट, वरच्या बाजूला जाळी. लाव्ह्याच्या थराचंही तसंच होतं. आतली वाफ नि वायू वर चढतात, वरचा भाग लवकर थिजतो आणि बुडबुडे जागच्या जागी अडकतात. म्हणजे तुमचा दगड बहुधा एखाद्या थराच्या वरच्या अंगाचा. पुढे लाखो वर्षं त्यातून पाणी झिरपलं आणि पाण्यात विरघळलेली खनिजं भोकांत साठली: कॅल्साइट (चुन्याचं खनिज), झिओलाइट, गारगोटी, अकीक. शेवाळी अस्तरही खनिजाचंच, शेवाळ नव्हे. पांढरं काय आहे ते घरीच तपासा. खिळ्यानं जरा खरवडून त्या पुडीवर लिंबू पिळा. बारीक फेस आला तर कॅल्साइट.

आता नदी. महूच्या आसपासची जमीन म्हणजे घराचा आढा. पाऊस आढ्याच्या उत्तरेला पडला तर कान्ह, क्षिप्रा, गंभीर, चंबळ अशा वाटेनं यमुनेत, पुढे गंगेत आणि बंगालच्या उपसागरात. दक्षिणेला पडला तर चोरल नदीतून नर्मदेत आणि खंबातच्या आखातात. उत्तरेचा उतार अगदी सावकाश, म्हणून क्षिप्रा संथ. दक्षिणेला पठारच संपतं, पुढे खोल नर्मदेचं खोरं. चोरल त्या काठावर येऊन पोचते. तिला सरळ जायला जमीनच उरत नाही.

कडा इतका उभा का, हे मला सगळ्यांत सुंदर वाटतं. लाव्हा थिजताना आकसतो, त्याला उभ्या भेगा पडतात. देवास जिल्ह्यात कावडिया पहाडावर तर याचे कोरल्यासारखे खांब झालेत. पाणी खालचा जाळीदार, मऊ थर आधी खातं, वरचा घट्ट थर अधांतरी राहतो आणि एक दिवस उभ्या भेगेवर तुटून खाली येतो. कडा पुन्हा उभाच. अशा रीतीनं धबधबा फार हळू मागे, नदीच्या उगमाच्या दिशेनं सरकत असतो.

बोअर मारताना काळा पत्थर, म्हणजे हाच घट्ट बेसाल्ट, लागला की तासन्‌तास कोरडी करडी धूळ उडते. शेतकरी माझ्या तोंडाकडे बघत उभा. आणि मग भेग किंवा जाळीदार थर लागला की धुळीचा एकदम चिखल होतो. हे थर मी आयुष्यभर मूठमूठ चुऱ्यावरून ओळखत आलो. पातालपानीला तेच साधारण 300 फूट उंचीत उघडे दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ तिथून हललो नव्हतो.

महूची लेक

काका, किती छान समजावलंत! आजी, एक काळजीचं सांगते. कृपा करून वरच्या पात्रात खडकांवर कुणालाही उतरू देऊ नका. 2011 च्या जुलैत पाणी अचानक वाढलं आणि पात्रात उभी असलेली माणसं वाहून गेली. आम्ही महूचे लोक ते विसरलेलो नाही. धबधब्यावर ऊन असलं तरी वर कुठे पाऊस झाला की लोंढा येतो, सावरायला वेळ मिळत नाही. कठड्याच्या आतूनच बघा.

आणि पातालपानीहून घाट उतरून कालाकुंडला जाणाऱ्या हेरिटेज गाडीत नातीला जरूर बसवा. 2018 पासून चालते, जुन्या मीटरगेजवरच. घाटात रूळ टाकायला डोंगर कापलाय, त्या कापांत दगड अगदी खिडकीशी येतो. खाली उतरलात की पळसाच्या पानावरचा कलाकंद घ्या.

काळा पत्थर

लेकी, बरं झालं लिहिलंस. कारणही त्या दगडातच आहे. घट्ट बेसाल्ट पाणी पीत नाही. जोराचा पाऊस झाला की बराचसा थेट नाल्यात, नाल्यातून नदीत.

रामबागची आजी

भाऊ, तुमचे उपकार कसे मानू! आज सकाळी मुद्दाम आंबोळ्या केल्या. पहिली तव्यावरून काढून तिच्यासमोर ठेवली तर तिनं दगड शेजारी आणून ठेवला आणि बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीनं बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे हा वरचा तुकडा." खालचा घट्ट तुकडा शोधायला पुन्हा जायचं असं ठरलंय. या वेळी गाडीनं.

लिंबाचं केलं. मोठ्या भोकातल्या पुडीवर फेस आला. अगदी बारीक, पण आला. नातीनं कान लावून चुरचुर ऐकली. शेजारच्या लहान भोकावर मात्र काही नाही. तिथे खिळ्याचा ओरखडासुद्धा उठेना, उलट खिळ्याचीच काळी रेघ दगडावर राहिली. हे काय असेल?

काळा पत्थर

गारगोटी किंवा अकीक, ताई. लोखंडाला दाद देत नाही ते. भिंग असेल तर पाहा, कांद्यासारखे एकात एक पापुद्रे दिसले तर अकीक.